ग्राहकाचे मत : गाऱ्हाण्यापासून हक्कापर्यंत

“नेट चालत नाही” हे वाक्य आज ग्रामपंचायतीच्या कार्यालयात, शाळेच्या संगणक कक्षात, तहसील कचेरीच्या ओसरीवर आणि घराघरांत दिवसातून अनेकदा उच्चारले जाते. एके काळी रॉकेल मिळत नाही, साखरेत भेसळ आहे, खताचे पोते वजनात कमी भरते, अशी गाऱ्हाणी गावाच्या पारावर ऐकू येत असत. वस्तू बदलल्या, परंतु गाऱ्हाण्याचा सूर फारसा बदललेला नाही. इंटरनेटची गती अपुरी आहे, मुलाने हट्टाने घेतलेला गेमिंग कन्सोल वर्षाच्या आत बंद पडला, गाणी ऐकण्याच्या यंत्राची बॅटरी तासाभरात संपते, अशी मते लोक सहजपणे बोलून दाखवितात आणि तितक्याच सहजपणे विसरून जातात.

अशा मतांना काही मोल असते काय, हा प्रश्न वाटतो तितका किरकोळ नाही. गेल्या तीस वर्षांतील जगाचा अनुभव पाहता, सामान्य ग्राहकाच्या मतामुळे मोठ्या कंपन्यांना कोट्यवधी डॉलर खर्च करावे लागले, नियम बदलावे लागले, प्रसंगी न्यायालयांनाही आपल्या पूर्वीच्या निर्णयाचा फेरविचार करावा लागला, असे दिसून येते. मात्र प्रत्येक मताला असे बळ प्राप्त झाले नाही. कोणत्या मतास ते मिळाले आणि कशामुळे मिळाले, हे समजून घेणे लोकांच्या तक्रारी ज्यांच्याकडे प्रथम येतात त्या कार्यकर्त्यांच्या व अधिकाऱ्यांच्या दृष्टीने उपयुक्त ठरेल.

‘पर्यंत’ या शब्दाची किंमत

इंटरनेट सेवेच्या जाहिरातीत ‘५० मेगाबिटपर्यंत गती’ असे ठळक अक्षरांत छापलेले असते. यातील ‘पर्यंत’ हा शब्द ग्राहकाच्या नजरेतून सुटतो. त्याहून अधिक गोंधळ ‘बिट’ आणि ‘बाइट’ या दोन शब्दांनी होतो. आठ बिट मिळून एक बाइट होतो. सेवेची गती बिटमध्ये सांगितली जाते, तर उतरवून घ्यावयाच्या फितीचे किंवा पुस्तकाचे आकारमान बाइटमध्ये दिलेले असते. त्यामुळे सेकंदास ५० मेगाबिट गती असताना ५० मेगाबाइटची फाइल एका सेकंदात येईल अशी समजूत करून घेतलेल्या ग्राहकास ती येण्यास आठ सेकंद लागतात, आणि आपण फसविले गेलो असे त्याचे मत होते. येथे कंपनीने फसविलेले नसते. मोजमापाची ओळख कोणी करून दिलेली नसते, एवढेच. गणिताच्या शिक्षकांस त्रैराशिकाची यापेक्षा जिवंत उदाहरणे क्वचितच मिळतील.

सायंकाळी मंदावणाऱ्या गतीचे कारण मात्र वेगळे आहे. गावाच्या नळपाणी योजनेत टाकी एकच असते. सर्वांनी एकाच वेळी नळ उघडले की शेवटच्या घरी पाण्याची धार बारीक होते. इंटरनेटची मुख्य वाहिनीही अशीच अनेकांत वाटलेली असते. रात्री आठ ते दहा या वेळेत घरोघर चित्रपट आणि खेळ सुरू झाले की प्रत्येकाच्या वाट्याला येणारा प्रवाह घटतो. जाहिरातीतील आकडा हा रिकाम्या वेळेतील असतो, अनुभव मात्र गर्दीच्या वेळेचा येतो.

ब्रिटनमध्ये ग्राहकांची नेमकी हीच तक्रार होती. तेथील जुन्या नियमानुसार दहापैकी एका ग्राहकास जरी जाहीर केलेली गती मिळत असली, तरी ‘पर्यंत’ असा दावा करता येत असे. उरलेल्या नऊ जणांस काय मिळते, हे सांगण्याची गरज नव्हती. जाहिरातींवर देखरेख करणाऱ्या तेथील यंत्रणेने २०१७ च्या नोव्हेंबरमध्ये नवे दंडक जाहीर केले व २३ मे २०१८ पासून ते अमलात आले. त्यांनुसार रात्री आठ ते दहा या गर्दीच्या वेळेत निदान निम्म्या ग्राहकांस मिळणारी गतीच जाहिरातीत देता येते. ‘नेट मंद आहे’ या रोजच्या कुरकुरीचे रूपांतर कोणत्या वेळी, किती जणांस, किती गती मिळते अशा प्रश्नांत झाले, तेव्हाच हा बदल घडून आला, ही गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे.

आपल्या देशात १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमाने सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सेवा सुरू केली, तेव्हा दूरध्वनीच्या तारेवरून सेकंदास जेमतेम ९.६ किलोबिट मजकूर येत असे. २००४ च्या धोरणाने २५६ किलोबिट व त्याहून अधिक गतीच्या सेवेस ‘ब्रॉडबँड’ ही संज्ञा दिली. ही किमान मर्यादा २०१३ मध्ये ५१२ किलोबिट आणि जानेवारी २०२३ मध्ये २ मेगाबिट करण्यात आली. दोन मेगाबिट हा आकडा ऐकण्यास बरा वाटतो. परंतु ३०० मेगाबाइटची पाठाची ध्वनिचित्रफीत या गतीने उतरवून घेण्यास वीस मिनिटे लागतात. म्हणजे पस्तीस-चाळीस मिनिटांच्या तासातील निम्मा वेळ वाट पाहण्यातच जावयाचा.

गती पुरेशी असूनही दूरच्या गड्याशी खेळताना चेंडू उशिरा हलतो, अशी तक्रार मुले करतात. वडीलधाऱ्यांस तो खेळण्याचा बहाणा वाटतो. पण तक्रार खरी असते. रस्ता रुंद असला की एका वेळी गाड्या अधिक जातात, परंतु त्यामुळे गाव जवळ येत नाही. संदेश जाऊन उत्तर परत येण्यास लागणारा विलंब ही गतीहून निराळी बाब आहे. भूस्थिर उपग्रहावरून मिळणाऱ्या सेवेत ती स्पष्ट जाणवते. असा उपग्रह पृथ्वीपासून सुमारे ३६ हजार किलोमीटर उंचीवर असल्याने प्रकाशाच्या वेगाने जाणाऱ्या संदेशासही जाऊन उत्तर घेऊन येण्यास जवळजवळ अर्धा सेकंद लागतो. गती कितीही वाढविली तरी हा अर्धा सेकंद कमी होत नाही.

जुन्या गाण्यांचा छंद आणि नवा कायदा

अमेरिकेतील ‘अमेरिका ऑनलाइन’ या कंपनीने डिसेंबर १९९६ मध्ये तासावारी आकारणी बंद करून महिन्यास १९.९५ डॉलर एवढा ठोक दर लागू केला. ग्राहक एवढे वाढले की फोन लावला की ‘लाइन व्यस्त’ असाच सूर ऐकू येऊ लागला. पैसे घेतले, पण दार उघडत नाही, अशी ही स्थिती होती. अनेक राज्यांच्या महाधिवक्त्यांनी प्रकरण हाती घेतले आणि जानेवारी १९९७ च्या अखेरीस ग्राहकांस पैसे परत करण्याचे कंपनीने मान्य केले. सेवा पुरविण्याची क्षमता नसताना सेवा विकणे हा दोष होय, हे तत्त्व त्यातून लोकांसमोर आले.

याहून बोधप्रद कथा दहा वर्षांनंतरची आहे. ओरेगॉन राज्यातील रॉब टोपोल्स्की या नेटवर्क तंत्रज्ञास विसाव्या शतकाच्या आरंभीच्या, चार पुरुषांनी मिळून गावयाच्या जुन्या अमेरिकन गाण्यांचा छंद होता. स्वामित्वहक्काची मुदत संपलेली ही गाणी तो बिटटॉरेंट या पद्धतीने इतर शौकिनांस देत असे. २००७ मध्ये त्याच्या असे ध्यानात आले की, इतर सर्व कामे सुरळीत चालत असताना ही देवघेव मात्र वारंवार तुटते. दुसरा एखादा ग्राहक दोन शब्द पुटपुटून गप्प बसला असता. टोपोल्स्कीने आपल्या यंत्रातून जाणारे-येणारे संदेश तपासले. त्यात त्यास ‘संपर्क तोडा’ असे बनावट संदेश आढळले. ते पलीकडच्या शौकिनाने पाठविलेले नव्हते. मधल्या मध्ये कॉमकास्ट या सेवा कंपनीच्या यंत्रणेकडून ते घुसडले जात होते. टपाल्यानेच पत्र फोडून ‘यापुढे पत्र पाठवू नये’ अशी चिठ्ठी पत्रलेखकाच्या नावे आत घालावी, तसाच हा प्रकार होता.

त्याने आपली निरीक्षणे जाहीर केली. ऑक्टोबर २००७ मध्ये असोसिएटेड प्रेस या वृत्तसंस्थेने स्वतंत्रपणे चाचणी घेतली. त्यासाठी कोणाच्याही स्वामित्वहक्काचा प्रश्न येऊ नये म्हणून बायबलची जुनी इंग्रजी प्रत निवडण्यात आली. तिच्याही वाटेत अडथळा आला. १ ऑगस्ट २००८ रोजी अमेरिकेच्या संघीय दळणवळण आयोगाने कंपनीचे वर्तन अयोग्य ठरविले. येथे कथा सुखान्त व्हावयास हवी होती. परंतु एप्रिल २०१० मध्ये न्यायालयाने, आयोगास असा आदेश देण्याचा अधिकारच नाही, असे सांगून तो रद्द केला. त्यानंतर तेथे २०१५ मध्ये कडक नियम आले, २०१७ मध्ये ते मागे घेण्यात आले, २०२४ मध्ये पुन्हा आणले गेले आणि जानेवारी २०२५ मध्ये न्यायालयाने तेही रद्दबातल ठरविले. ग्राहकाचे मत कितीही सप्रमाण असले, तरी कायद्याचा पाया भक्कम नसेल तर यश टिकत नाही.

भारतात हाच प्रश्न वेगळ्या रूपाने पुढे आला. काही संकेतस्थळे मोफत आणि उरलेली सशुल्क, अशी सेवा द्यावी काय, याविषयी भारतीय दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, म्हणजेच ‘ट्राय’ने, मार्च २०१५ मध्ये जनतेची मते मागविली. एरवी अशा विचारणेस मोजकी उत्तरे येतात आणि तीही बहुधा कंपन्यांकडून. या वेळी दहा लाखांहून अधिक नागरिकांनी ई-पत्रे पाठविली. पुढे ८ फेब्रुवारी २०१६ रोजी मजकूर पाहून वेगवेगळा दर आकारण्यास मनाई करणारे विनियम प्रसिद्ध झाले. एकगठ्ठा आलेल्या पत्रांत बरीचशी ठरावीक मसुद्याची होती, हेही खरे. तथापि सही करणारा माणूस प्रत्येक वेळी निराळा होता, हे विसरून चालणार नाही.

खिशातली हजार गाणी

२३ ऑक्टोबर २००१ रोजी ॲपल कंपनीने ‘आयपॉड’ हे ३९९ डॉलर किमतीचे यंत्र जाहीर केले. खिशात हजार गाणी, ही त्याची जाहिरात होती. हा दावा मात्र हिशेबात बसणारा होता. चार मिनिटांचे गाणे सेकंदास १६० किलोबिट या दराने साठविले तर सुमारे ४.८ मेगाबाइट जागा लागते. अशी हजार गाणी म्हणजे ४.८ गिगाबाइट, आणि यंत्राची साठवणक्षमता होती ५ गिगाबाइट. भारतीय शास्त्रीय संगीताच्या शौकिनास मात्र हा हिशेब लागू पडत नाही. पाऊण तासाचा एक ख्याल तेथे अकरा गाण्यांची जागा अडवितो. जाहिरातीतील ‘गाणे’ कोणाचे, हे पाहूनच आकडा स्वीकारावा.

गाऱ्हाणे उद्भवले ते बॅटरीवरून. पुनर्भारित होणाऱ्या लिथियम बॅटरीची धारणशक्ती प्रत्येक भरणीगणिक थोडी थोडी घटते; हा दोष नव्हे, रसायनाचा स्वभाव आहे. दोष होता तो बॅटरी यंत्रात बंदिस्त करण्यात. दीड-दोन वर्षांत ती क्षीण झाली की ग्राहकास ती स्वतः बदलता येत नसे. न्यूयॉर्कमधील नाइस्टॅट बंधूंपैकी एकाने विचारणा केली असता, दुरुस्तीच्या खर्चापेक्षा नवे यंत्र घेणे बरे, असा सल्ला त्यास मिळाला. दोघा भावांनी २००३ मध्ये त्यावर लहानशी चित्रफीत तयार केली. शहरातील आयपॉडच्या भित्तिपत्रकांवर बॅटरी बदलता येत नसल्याची सूचना रंगवीत ते फिरले, त्याचे चित्रण तीत होते. दुसऱ्याच्या भित्तिपत्रकावर रंग मारणे योग्य म्हणता येणार नाही. पण चित्रफीत लाखो लोकांनी पाहिली. त्याच सुमारास कंपनीने ९९ डॉलरमध्ये बॅटरी बदलून देण्याची योजना जाहीर केली. ती आधीच ठरली होती, असे कंपनीचे म्हणणे होते. पुढे ग्राहकांनी दाखल केलेल्या सामूहिक दाव्यात २००५ मध्ये तडजोड झाली आणि मे २००४ पर्यंतच्या खरेदीदारांस ५० डॉलरपर्यंतचे खरेदीपत्र अथवा वाढीव हमी मिळाली.

त्यावर पडदा पडला असे वाटत असतानाच तो प्रश्न मोबाइल फोनच्या रूपाने परत आला. युरोपीय संघाने २०२३ मध्ये केलेल्या नियमानुसार १८ फेब्रुवारी २०२७ पासून बहुतेक छोट्या उपकरणांची बॅटरी वापरणाऱ्यास स्वतः काढता व बदलता येईल, अशी रचना बंधनकारक होत आहे. भारत सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागानेही २४ डिसेंबर २०२२ रोजी, राष्ट्रीय ग्राहक दिनी, ‘दुरुस्तीचा हक्क’ या नावाचे संकेतस्थळ सुरू केले. शेतीची अवजारे, मोबाइल व इलेक्ट्रॉनिक वस्तू, घरगुती टिकाऊ वस्तू आणि वाहने या चार क्षेत्रांतील दुरुस्ती व सुट्या भागांची माहिती तेथे एकत्र करण्यात आली आहे.

विकत घेतलेले गाणे दुसऱ्या कंपनीच्या यंत्रावर वाजत नाही, ही याच काळातील दुसरी तक्रार. नॉर्वेच्या ग्राहक परिषदेने २००६ मध्ये ती तेथील ग्राहक लोकपालाकडे नेली व विक्रीच्या अटी कायद्याशी विसंगत असल्याचा अभिप्राय मिळविला. जानेवारी २००९ मध्ये ॲपलने आपल्या दुकानातील गाण्यांवरील हे कुलूप काढण्याचे जाहीर केले.

मायक्रोसॉफ्टच्या ‘झून’ या यंत्राची कथा लहान पण मजेदार आहे. ३१ डिसेंबर २००८ रोजी ३० गिगाबाइटची झून यंत्रे एकाएकी थिजली. ते वर्ष लीप होते. दिवसांवरून वर्ष काढणाऱ्या आज्ञावलीत ३६६ व्या दिवसाची नीट तरतूद नव्हती. त्या दिवशी यंत्र तोच हिशेब पुनःपुन्हा करीत बसले. बॅटरी संपू द्यावी आणि दुसऱ्या दिवशी दुपारनंतर यंत्र सुरू करावे, असा सल्ला कंपनीने दिला. १ जानेवारी उजाडला आणि रोग आपोआप बरा झाला.

आवाजाचा प्रश्न मात्र आपोआप बरा होणारा नाही. कानातील सूक्ष्म रोमपेशी एकदा नष्ट झाल्या की परत येत नाहीत. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघ यांच्या मानकानुसार प्रौढ व्यक्तीने ८० डेसिबल पातळीवर आठवड्यास ४० तास, आणि मुलांनी ७५ डेसिबलवर तेवढाच वेळ ऐकणे सुरक्षित मानले जाते. आवाज तीन डेसिबलने वाढविला की सुरक्षित वेळ निम्मा होतो. म्हणजे प्रौढास ८३ डेसिबलवर वीस तास, ८६ वर दहा, ८९ वर पाच. मुलगा हाक मारूनही ‘ओ’ देत नाही, अशी आईची तक्रार पुष्कळदा आज्ञाधारकपणाविषयीची समजली जाते. ती कानाविषयीची असू शकते. आयपॉडचे उत्पादन मे २०२२ मध्ये थांबले. पण गाणी ऐकण्याचे काम फोनने घेतले असल्याने हे कोष्टक वर्गात लावण्यास हरकत नाही.

तीन तांबडे दिवे

‘एक्सबॉक्स ३६०’ हा गेमिंग कन्सोल नोव्हेंबर २००५ मध्ये अमेरिकेत व पुढील वर्षी भारतात विक्रीस आला. काही महिन्यांतच अनेकांच्या यंत्रावरील गोल कळीभोवती तीन तांबडे दिवे लुकलुकू लागले. तसे झाले की यंत्र कायमचे बंद. आरंभी प्रत्येक ग्राहकास तो आपल्याच यंत्राचा दोष वाटला. गाऱ्हाणी एकत्र येऊ लागली तेव्हा रोग सार्वत्रिक असल्याचे उघड झाले. यंत्र तापे, बंद केल्यावर थंड होई. या चक्रामुळे आतील चित्रप्रक्रिया करणाऱ्या भागाची सूक्ष्म जोडणी तडकत असे. जुलै २००७ मध्ये मायक्रोसॉफ्टने या बिघाडापुरती हमी तीन वर्षांची केली आणि त्यासाठी एक अब्ज डॉलरहून अधिक रकमेची तरतूद केली. स्क्वेअरट्रेड या हमी विकणाऱ्या कंपनीने २००९ मध्ये सुमारे १६ हजार यंत्रांचा हिशेब मांडला, त्यात दोन वर्षांत बिघडलेल्या एक्सबॉक्स यंत्रांचे प्रमाण २३.७ टक्के आढळले. अर्थात हमी विकणाऱ्याने बिघाडाचे आकडे सांगावेत, यात त्याचाही स्वार्थ होताच.

सोनी कंपनीच्या ‘प्लेस्टेशन ३’ची तक्रार निराळ्या जातीची होती. या यंत्रावर संगणकाची दुसरी प्रणाली बसविण्याची सोय आहे, असे सांगून ते विकले गेले आणि एप्रिल २०१० मध्ये ती सोय काढून घेण्यात आली. घर विकल्यावर विक्रेत्याने परत येऊन एक खिडकी बुजवावी, असाच हा व्यवहार. दावे आठ वर्षे चालले. दरम्यान एप्रिल २०११ मध्ये त्याच कंपनीच्या खेळजाळ्यात घुसखोरी होऊन सुमारे ७ कोटी ७० लाख खातेदारांची माहिती धोक्यात आली व सेवा २३ दिवस बंद राहिली. ब्रिटनच्या माहिती आयुक्तांनी जानेवारी २०१३ मध्ये अडीच लाख पौंड दंड केला.

मते गोळा करून दाद मागण्याचा सर्वांत पद्धतशीर प्रयत्न मात्र युरोपातील ग्राहक संघटनांनी केला. निन्टेन्डो कंपनीचा ‘स्विच’ हा कन्सोल मार्च २०१७ मध्ये आला. त्याच्या हातातील दांडीस स्पर्श न करताही पडद्यावरील पात्र सरकू लागे. संघटनांनी ‘आपला अनुभव कळवा’ असे आवाहन केले. खरेदी केव्हा केली, बिघाड केव्हा झाला, एवढेच साधे प्रश्न होते. सुमारे २५ हजार उत्तरे आली आणि त्यांतील ८८ टक्के प्रकरणी बिघाड दोन वर्षांच्या आत झाल्याचे आढळले. हे आकडे घेऊन जानेवारी २०२१ मध्ये युरोपीय ग्राहक महासंघाने युरोपीय आयोगाकडे तक्रार नोंदविली. एप्रिल २०२३ मध्ये हमीची मुदत संपलेली असली तरी ही दुरुस्ती विनामूल्य करून देण्याचे कंपनीने मान्य केले. यात न्यायालयाची पायरी चढावी लागली नाही. उत्तर देणारे स्वतःहून पुढे आलेले होते, म्हणून ८८ टक्के हे सर्व यंत्रांच्या बिघाडाचे प्रमाण नव्हे, एवढी सावधगिरी मात्र बाळगली पाहिजे.

विकतची मते

मताला मोल आले, तसा त्याचा बाजारही भरू लागला. वस्तू न पाहताच पाच तारे देणारी स्तुती पैसे देऊन लिहून घेतली जाते, आणि प्रतिस्पर्ध्याच्या मालाची निंदाही. भारतीय मानक ब्यूरोने नोव्हेंबर २०२२ मध्ये ‘आयएस १९०००’ हे मानक प्रसिद्ध केले. अभिप्राय देणाऱ्याची खातरजमा कशी करावी, प्रतिकूल अभिप्राय दडपू नयेत, हे त्यात सांगितले आहे. मात्र त्याचे पालन ऐच्छिक ठेवण्यात आले. अमेरिकेने ऑक्टोबर २०२४ पासून अशा खोट्या मतांच्या खरेदी-विक्रीस दंडाची तरतूद लागू केली आहे. शाळेसाठी वा कार्यालयासाठी खरेदी करताना मधल्या, म्हणजे तीन ताऱ्यांच्या अभिप्रायांत अधिक सत्य सापडते. त्यांत यंत्राचे गुणही असतात, आणि ते कितव्या महिन्यात रुसले हेही.

आपल्याकडील वाट

महाराष्ट्रास ही चळवळ नवी नाही. बिंदुमाधव जोशी यांनी १९७४ मध्ये पुण्यात ग्राहक पंचायतीची मुहूर्तमेढ रोवली, पाठोपाठ १९७५ मध्ये मुंबई ग्राहक पंचायत सुरू झाली. ग्राहक संरक्षण अधिनियम आला तो त्यानंतर, १९८६ मध्ये. त्याची जागा घेणारा २०१९ चा अधिनियम २० जुलै २०२० पासून अमलात आहे.

दूरध्वनी व इंटरनेटच्या ग्राहकास मात्र या कायद्याचे दार बराच काळ अर्धे मिटलेले होते. तारायंत्र अधिनियमात लवादाची तरतूद असल्याने अशा तक्रारी ग्राहक मंचापुढे चालणार नाहीत, असे सर्वोच्च न्यायालयाने २००९ मध्ये म्हटले होते. त्यानंतर अहमदाबाद येथील एका ग्राहकास, ज्याचे मासिक बिल सरासरी ५५५ रुपये येत असे, एका महिन्यासाठी २४,६०९ रुपयांचे बिल आले. तो जिल्हा मंचाकडे गेला. कंपनीने २००९ च्या निर्णयाकडे बोट दाखविले आणि केवळ अधिकारितेचा वाद दिल्लीपर्यंत पोहोचला. १६ फेब्रुवारी २०२२ रोजी तीन न्यायमूर्तींच्या पीठाने निर्णय दिला की, दूरसंचार ही ‘सेवा’ असल्यामुळे ग्राहक मंचाचा अधिकार तारायंत्र अधिनियमाने हिरावला जात नाही. नव्या अधिनियमातील ‘सेवे’च्या व्याख्येत तर ‘दूरसंचार’ हा शब्द स्पष्टपणे घालण्यात आला आहे.

तक्रार प्रथम सेवा कंपनीच्या तक्रार केंद्राकडेच करावी लागते व तेथून मिळणारा नोंदणी क्रमांक जपून ठेवावा लागतो. तोंडी सांगून परत येणारे बहुतेक जण येथेच चुकतात; क्रमांक नसला की तक्रार झालीच नाही असे समजले जाते. मुदतीत समाधान झाले नाही तर तीस दिवसांत त्याच कंपनीच्या अपील प्राधिकरणाकडे जाता येते आणि त्याने ३९ दिवसांत निर्णय द्यावयाचा असतो. ट्राय स्वतः वैयक्तिक तक्रारींचा निवाडा करीत नाही. राष्ट्रीय ग्राहक साहाय्यवाणीचा क्रमांक १९१५ आहे.

जिल्हा ग्राहक आयोगाकडे, वस्तू वा सेवेसाठी दिलेला मोबदला पाच लाख रुपयांपर्यंत असेल तर तक्रारीस शुल्क पडत नाही. तक्रार कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत करावी लागते, वकील देणे सक्तीचे नाही, आणि आता कंपनीचे कार्यालय असेल त्या शहरी जाण्याचेही कारण नाही. ग्राहक जेथे राहतो किंवा काम करतो त्या जिल्ह्यात ती दाखल होते. संगणकावरूनही ती पाठविता येते. सोबत पावती, हमीपत्र व नोंदणी क्रमांक जोडावेत. इंटरनेटच्या गतीविषयी तक्रार असेल तर सात दिवस सकाळी, दुपारी आणि रात्री नऊच्या सुमारास, शक्य तर यंत्रास तार जोडून, गती मोजावी आणि तारीख-वेळेसह वहीत टिपून ठेवावी. तारेशिवाय, भिंतीपलीकडून मोजलेली गती घरातील भिंतीचीही असू शकते आणि कंपनीचा पहिला आक्षेप नेमका तोच असतो.